क्रोमियम सिक्सचं फोटोरिडक्शन अर्ध्यात अडकतंय? कॅटॅलिस्ट बदलण्याआधी हे तपासा

क्रोमियम सिक्सला प्रकाश आणि कॅटॅलिस्टच्या मदतीने इलेक्ट्रॉन देऊन क्रोमियम थ्री करायचं, हे फोटोरिडक्शन. सेटअप बहुतेकांचा सारखाच असतो. पोटॅशियम डायक्रोमेटचं पाणी, त्यात टायटॅनियाची, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर (बऱ्याचदा पी२५ हा बाजारातला तयार ग्रेड), खाली मॅग्नेटिक स्टरर, यूव्ही दिवा, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी सॅम्पल काढून डीपीसीने (डायफेनिलकार्बाझाइड, क्रोमियम सिक्सबरोबर गुलाबी-जांभळा रंग देतं) रंग आणायचा आणि ५४० नॅनोमीटरला रिडिंग घ्यायचं. आणि तक्रारही सगळ्यांची सारखीच, की रिसर्च पेपरात तासाभरात संपतं ते आमच्याकडे का संपत नाही. हे प्रकरण माझ्याकडे इतक्या वेळा येतं की आता एकदाच सगळं लिहून टाकते.

लक्षणं आधी. तुमचं यातलं कुठलं ते बघा:

– सुरुवात झकास, पहिल्या वीस मिनिटांत निम्मं क्रोमियम गायब, आणि मग आलेख आडवा. तासभर अजून दिवा चालू ठेवला तरी हलत नाही.
– डार्कमध्येच (दिवा लावण्याआधीच) क्रोमियम भरपूर उतरतं, लाइट लावल्यावर फारसं काही होत नाही. किंवा उलट, लाइट लावल्यावर रिडिंग थोडं वरच जातं.
– पहिली काही सॅम्पल्स एकाच जागी, मग अचानक धडाधड उतार.
– काल ९० टक्के, आज ५५, सगळं तेच वापरून.
– पावडर न टाकलेल्या बीकरमध्येही क्रोमियम कमी होतंय.
– पहिल्या रनला छान, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला जवळपास शून्य, आणि पांढरी पावडर हिरवट-राखाडी झालीय.

यातली पहिली आणि शेवटची तक्रार बहुतेक वेळा एकाच रोगाची दोन रूपं असतात, त्यावर खाली पाचव्या मुद्द्यात सविस्तर. पण उडी मारून तिकडे जाऊ नका, कारण त्याआधीचे चार मुद्दे जवळपास फुकटात होतात आणि निम्मी प्रकरणं तिथेच निकाली निघतात.

१. स्टॉक आणि हिशोब

कागद-पेनाचं काम आहे. १००० मिलिग्रॅम प्रति लिटर क्रोमियमचा स्टॉक करायला पोटॅशियम डायक्रोमेट २.८२९ ग्रॅम लागतं. एक ग्रॅम घेऊन "१००० पीपीएम" असं बाटलीवर लिहिलं असेल तर त्यात क्रोमियम फक्त ३५३ मिलिग्रॅम आहे, कारण वजनाने क्रोमियमचा वाटा ३५ टक्केच. आता एकाने असा स्टॉक केला आणि दुसऱ्याने तसा, दोघांच्या बाटल्या एकाच कपाटात, मग काल ९० आज ५५ हे व्हायलाच हवं ना. कॅटॅलिस्टचा काय दोष यात. लेबलवर नुसतं पीपीएम नको, कशाचे पीपीएम ते लिहा.

२. सॅम्पल, फिल्टर आणि डीपीसी

डीपीसीचा रंग फार तीव्र असतो, लिटरला १ मिलिग्रॅम क्रोमियम सिक्स असलं तरी एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ॲबसॉर्बन्स ०.७५ च्या आसपास जातो. म्हणजे २० मिलिग्रॅमचं सॅम्पल किमान पंचवीस-तीस पट डायल्यूट केल्याशिवाय मोजण्यात अर्थच नाही. डायल्यूट न करता मोजलं की मशीन वरच्या टोकाला अडकतं किंवा डीपीसीच पुरत नाही, आणि खरं क्रोमियम २० वरून ८ वर आलं तरी आकडा तोच दिसतो. पहिली सॅम्पल्स स्थिर आणि मग अचानक उतार, ही तिसरी तक्रार जवळपास नेहमी हीच असते. त्याला "इंडक्शन पीरियड" असं भारी नाव देऊन थिसिसमध्ये चार पानं लिहिलेली बघितलीत मी, जाऊ दे.

डीपीसीचं ॲसिटोनमधलं सोल्यूशन रंगीत दिसायला लागलं की टाकून द्या. तपकिरी बाटली, फ्रिज, आणि शक्यतो ताजंच. रंग यायला पाच-दहा मिनिटं द्या आणि सगळ्या सॅम्पल्सना सारखीच द्या.

आता फिल्टर. पी२५ चा मूळ कण साधारण २० नॅनोमीटरचा, पण पाण्यात तो एकटा नसतो, गुठळ्या करून असतो. त्याचा शून्य-चार्ज बिंदू (ज्या पीएचला पृष्ठभागावर निव्वळ चार्ज शून्य असतो) पीएच साडेसहाच्या आसपास आहे, तिथे गुठळ्या मोठ्या होतात आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर छान अडकतात. पण तुम्ही काम करता पीएच २ किंवा ३ ला, तिथे प्रत्येक कणावर भरपूर पॉझिटिव्ह चार्ज, कण एकमेकांना ढकलतात, गुठळ्या बारीक होतात आणि बऱ्यापैकी माल फिल्टरमधून सरळ पलीकडे. हे कण ५४० ला प्रकाश विखुरतात आणि मशीनला ते क्रोमियमच वाटतं. लाइट लावल्यावर रिडिंग वर गेलं याचं हे एक सोपं कारण.

तपासायचं कसं: तोच फिल्ट्रेट डीपीसी न टाकता ५४० ला लावा. शून्याच्या आसपास आला पाहिजे. नाही आला तर ०.२२ चा फिल्टर, किंवा आधी सेंट्रिफ्यूज आणि मग फिल्टर. फिल्टर स्वतःही थोडं क्रोमियम धरतो, म्हणून पहिले एक-दोन मिली टाकून द्यायचे, आणि एकदा माहीत असलेलं सोल्यूशन फिल्टर करून आधीचं आणि नंतरचं रिडिंग जुळतंय का बघायचं. हे फिल्टर-टेस्ट कुणी करत नाही आणि पाच मिनिटांचं काम आहे हो.

अजून एक, सॅम्पल काढलं की लगेच फिल्टर. पावडरसकट टेस्ट ट्यूब खिडकीपाशी ठेवून चहाला गेलात तर दिवसाच्या उजेडात जे थोडं यूव्ही असतं त्यावर ट्यूबमध्ये रिॲक्शन चालूच राहते.

३. कंट्रोल, आणि तेही सगळे

एक डार्कमध्ये पावडरसकट. एक लाइटमध्ये पावडरशिवाय. आणि तुम्ही सिट्रिक, ऑक्झॅलिक, फॉर्मिक असं काही टाकत असाल तर लाइटमध्ये पावडरशिवाय पण त्या ॲसिडसकट, हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच नेमका गाळला जातो. ऑक्झॅलिक किंवा सिट्रिक बरोबर असताना क्रोमियम सिक्स यूव्हीमध्ये पावडरशिवायही कमी होतं, आणि पाण्यात लोखंडाचा अंश असला तर अजून जोरात होतं कारण फेरिक ऑक्झॅलेट आणि फेरिक सिट्रेट प्रकाशाला फार संवेदनशील असतात. पाचवी तक्रार हीच. यात बिघाड काही नाही, पण त्यातला किती भाग पावडरचा आणि किती नुसत्या पाण्यातल्या रिॲक्शनचा हे वजा केल्याशिवाय "माझं कॅटॅलिस्ट भारी" असं म्हणता येत नाही.

४. डार्कमध्ये अर्धा तास ठेवलं, पण पुरे झालं का?

सगळे पेपर अर्धा तास लिहितात म्हणून आपणही अर्धा तास. पी२५ ला अर्धा तास बहुतेक पुरतो, कारण त्याचा पृष्ठभाग ग्रॅममागे ५० चौरस मीटरच्या आसपास आणि तोही बाहेरच्या बाहेर, छिद्रांत शिरायचं नसतं. पण तुमची पावडर सच्छिद्र असेल, कार्बनवर बसवलेली असेल, तर तासन्‌तास उतरत राहते. मग लाइट लावल्यावर जे उतरतं ते ॲडसॉर्प्शनचं (नुसतं पृष्ठभागाला चिकटण्याचं) की प्रकाशाचं हे कुणी सांगू शकत नाही. १०, २०, ३०, ४५, ६० मिनिटांची डार्क सॅम्पल्स एकदाच घ्या, सलग दोन रिडिंग जुळली की तिथे थांबा, आणि लाइटच्या आलेखाचा शून्य-बिंदू तिथला धरा.

पीएच २-३ ला ॲडसॉर्प्शन जास्त का, तर पृष्ठभाग पॉझिटिव्ह आणि क्रोमियम सिक्स तिथे हायड्रोजन क्रोमेट म्हणून निगेटिव्ह, ओढ असणारच. पीएच ८ ला दोघंही निगेटिव्ह, जवळ येत नाहीत. तांबं, शिसं यांचं बरोबर उलटं असतं, ते पॉझिटिव्ह असल्यामुळे ॲसिडमध्ये पृष्ठभागावर बसायला तयार नसतात. म्हणून क्रोमियमचा पीएच तांब्याला लावायचा नाही.

आणि कार्बनवाल्यांसाठी खास सूचना. ॲक्टिव्हेटेड कार्बन, बायोचार, ग्राफीन ऑक्साइड ही मंडळी ॲसिडमध्ये अंधारातसुद्धा क्रोमियम सिक्सला स्वतः रिड्यूस करतात. त्यामुळे डार्कचा आलेख आडवा होतच नसेल तर ते ॲडसॉर्प्शन नाहीये, अंधारातली केमिस्ट्री आहे.

बरं, "गेलेलं" क्रोमियम खरंच थ्री झालंय की नुसतं पावडरला चिकटून बसलंय, याची स्वस्तातली परीक्षा: रन संपल्यावर पावडर सेंट्रिफ्यूज करा, पाण्याने एकदा पटकन धुवा, मग ०.१ मोलर कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइड) अंधारात अर्धा तास हलवा. अल्कलीत क्रोमेट सुटून पाण्यात येतं, क्रोमियम थ्री पावडरवरच राहतं. वरचं पाणी ॲसिडिक करून डीपीसी लावा. गुलाबी-जांभळं झालं तर तेवढं क्रोमियम रिड्यूस झालंच नव्हतं, फक्त लपलं होतं. दुसरी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला मी आधी ही टेस्ट करायला लावते, आणि ९५ टक्के रिमूव्हलमधले निम्मे इथे परत बाहेर येताना बघितलेत.

५. पीएच, पण शेवटचा

सुरुवातीचा पीएच सगळे मोजतात. वहीत "पीएच ३" असं लिहिलेलं असतं आणि तिथेच विषय संपतो. रन संपल्यावर इलेक्ट्रोड परत बुडवा. चार, साडेचार, पाच दिसला तर तुमचा रोग सापडला.

हिशोब करून दाखवते, कारण एकदा हा हिशोब डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं. एक हायड्रोजन क्रोमेट क्रोमियम थ्री व्हायला तीन इलेक्ट्रॉन आणि सात प्रोटॉन घेतं. त्याच वेळी तीन होल (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडाल्यावर पावडरमध्ये उरलेल्या पॉझिटिव्ह जागा) पाणी फोडतात किंवा तुमचं फॉर्मिक ॲसिड खातात, त्यातून तीन प्रोटॉन परत येतात. निव्वळ खर्च चार प्रोटॉन दर क्रोमियममागे. आता लिटरला २० मिलिग्रॅम क्रोमियम म्हणजे ०.३८५ मिलिमोल, गुणिले चार म्हणजे १.५४ मिलिमोल प्रोटॉन लागणार. आणि पीएच ३ च्या पाण्यात प्रोटॉन आहेत किती? लिटरला १ मिलिमोल. पुरणारच नाहीत! निम्म्याच्या थोडं पुढे गेलं की ॲसिड संपत येतं, पीएच वर सरकतो, आणि एकदम तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, ओढ कमी होते. क्रोमियम सिक्स ते थ्री याचं पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन ओढायची ताकद) पीएचच्या प्रत्येक एककाला साधारण १३८ मिलिव्होल्टने पडतं, टायटॅनियाचा कंडक्शन बँड (जिथून इलेक्ट्रॉन दिले जातात ती पातळी) मात्र ५९ नेच वर सरकतो, म्हणजे दर पीएचमागे ७९ मिलिव्होल्टचा जोर गेला. दुसरी, पृष्ठभागावरचा पॉझिटिव्ह चार्ज घटतो, मग क्रोमेट जवळ कमी येतं. आणि तिसरी सगळ्यात वाईट, झालेलं क्रोमियम थ्री पाण्यात विरघळून राहायला तयार नसतं. पीएच चारच्या पुढे ते पृष्ठभागाला धरायला लागतं आणि या प्रमाणात पाचच्या आसपास हायड्रॉक्साइड म्हणून बसायला लागतं. बसतं कुठे, तर जिथे तयार झालं तिथेच, म्हणजे नेमकं कॅटॅलिस्टच्या चालू जागांवर. तव्यावर जळलेल्या पिठाचा थर बसला की पुढची भाकरी भाजत नाही, तसं. ती हिरवट-राखाडी पावडर म्हणजे हाच थर. थर बसताना थोडे प्रोटॉन परत सुटतात, म्हणून पीएच सात-आठपर्यंत पळत नाही, चार-पाचच्या आसपास रेंगाळतो, आणि म्हणूनच मीटरकडे बघून कुणाला फारसा संशय येत नाही.

उपाय स्वस्त आहे. पीएच २ ला सुरू करा, तिथे लिटरला १० मिलिमोल प्रोटॉन आहेत, २० मिलिग्रॅमला आरामात पुरतात आणि शेवटचा पीएच फार हलत नाही. ३ लाच करायचं असेल (कुणाच्या तरी पेपरशी तुलना वगैरे) तर क्रोमियम ५ मिलिग्रॅमवर आणा किंवा चालू रनमध्ये थेंब-थेंब ॲसिड घालून पीएच धरून ठेवा. सिट्रिक ॲसिड टाकणाऱ्यांना हा त्रास कमी का होतो तेही इथेच कळतं, ते होल खातं, पीएच सावरतं आणि क्रोमियम थ्रीला धरून पाण्यात ठेवतं, तिन्ही कामं एकटंच करतं.

बफर टाकू का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. फॉस्फेट बफर अजिबात नको. फॉस्फेट टायटॅनियावर इतकं घट्ट बसतं की क्रोमेटला जागाच उरत नाही.

६. कुठलं ॲसिड?

यावर फार वेळ घालवत नाही. सल्फ्युरिक चालतं, पण सल्फेटही थोडी जागा अडवतं. हायड्रोक्लोरिक चालतं. नायट्रिक शक्यतो नको, नायट्रेट ३०० नॅनोमीटरच्या आसपास स्वतः प्रकाश खातं आणि नको ते रॅडिकल तयार करतं. परक्लोरिक पृष्ठभागाला त्रास देत नाही पण ऑरगॅनिक पदार्थाबरोबर ते तापवणं किंवा वाळवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, त्यामुळे नवख्यांनी लांब राहा. मुख्य म्हणजे जे घ्याल ते सगळ्या रन्सना एकच ठेवा. आणि डिस्टिल्डऐवजी नळाचं पाणी घेतलं असेल तर तुलना सोडूनच द्या.

७. होल अडकून पडलेत का

नुसतं पाणी आणि पावडर असेल तर होलना पाणी फोडावं लागतं, ते टायटॅनियाला फार हळू जमतं. मग होल आणि इलेक्ट्रॉन आतल्या आत एकमेकांना भेटून संपतात आणि क्रोमियमच्या वाट्याला इलेक्ट्रॉन येतच नाहीत. तपासणी सोपी: एक रन फॉर्मिक ॲसिड किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून करा (तिसऱ्या मुद्द्यातल्या कंट्रोलसकट). वेग जोरात वाढला तर पावडर ठीक आहे, दुसरी बाजू अडली होती. काहीच फरक नाही पडला तर पुढे प्रकाशाकडे बघा. ईडीटीए वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की ते क्रोमियम थ्रीशी कॉम्प्लेक्स करतं, त्यामुळे नंतर क्रोमियम थ्री हायड्रॉक्साइड म्हणून बसवून पाणी साफ करायचं असेल तर ते बसणार नाही.

ऑक्सिजनचं काय, आणि दुसरे धातू असतील तर

क्रोमियम सिक्सला ॲसिडमध्ये नायट्रोजन सोडला काय आणि नाही काय, फरक किरकोळ. सिलिंडर आणायच्या भानगडीत पडू नका. पण तांब्यावर काम असेल तर ऑक्सिजन हा पहिला संशयित. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवतो, वर तयार झालेल्या तांब्याला परत ऑक्सिडाइज करतो. दिवा बंद करून हवा सोडली की गडद झालेली पावडर परत फिकट पडते आणि पाण्यातलं तांबं परत वाढतं, हे डोळ्यांनी दिसतं. तिथे आधी वीस-तीस मिनिटं नायट्रोजन, आणि सॅम्पलसुद्धा हवा न लागू देता.

चांदीचं सगळ्यात सोपं, पोटेन्शियल ०.८० व्होल्ट असल्यामुळे पटकन येते, पावडर तपकिरी-करडी होते. फक्त पीएचसाठी हायड्रोक्लोरिक टाकू नका, सिल्व्हर क्लोराइड खाली बसेल आणि तुम्ही "रिमूव्हल" म्हणून टाळ्या वाजवाल. आणि झिंक टायटॅनियाने धातू म्हणून काढायला बघत असाल तर थांबाच. त्याचं पोटेन्शियल उणे ०.७६ आहे, टायटॅनियाचा इलेक्ट्रॉन तिथवर पोचत नाही, जे कमी होतंय ते ॲडसॉर्प्शन किंवा हायड्रॉक्साइड आहे.

झिंक ऑक्साइडवाल्यांनो, तुमची पावडर पीएच २-३ ला विरघळते. कॅडमियम सल्फाइडवाल्यांनो, तुमची प्रकाशात कुरतडली जाते आणि कॅडमियम पाण्यात येतं, म्हणजे क्रोमियम काढून कॅडमियम घातलं असा व्यवहार. दोन्हीकडे रनच्या शेवटी पाण्यातला झिंक किंवा कॅडमियम मोजल्याशिवाय कुठलाही आकडा जाहीर करू नका.

८. दिवा

आता थोडं खर्चाचं. ॲनाटेजचा (टायटॅनियाचं एक स्फटिकरूप) बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन उचलायला लागणारी ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश कामाचा. दिवा डोळ्यांना झगझगीत दिसतो यावरून काही कळत नाही, जुना झालेला मर्क्युरी दिवा दिसायला तसाच दिसतो आणि यूव्ही मात्र बरंच घटलेलं असतं. आधी फुकटातलं बघा: मर्क्युरी दिव्याला स्थिर व्हायला काही मिनिटं लागतात, तर लावल्या लावल्या टायमर सुरू केला होता का? दिव्याच्या जॅकेटवर पावडरचा पांढरट थर आहे का? (असतोच, दिवा बंद करून पूर्ण गार झाल्यावर पुसा.) बीकर आणि दिव्यातलं अंतर कालचंच आहे का? दिव्याने पाणी तापतंय का? बीकर बोरोसिलिकेटचा असला तर ३६५ ला चालतो, पण २५४ च्या दिव्याला क्वार्ट्झच लागतो.

क्रोमियम स्वतःही प्रकाश अडवतं, हे विसरलं जातं. लिटरला १०० मिलिग्रॅमचं ॲसिडिक सोल्यूशन ३५० नॅनोमीटरला एका सेंटिमीटरमध्ये ॲबसॉर्बन्स ३ च्या आसपास देतं, म्हणजे हजारातला एकच भाग पलीकडे जातो. पावडरपर्यंत प्रकाश पोचलाच नाही तर ती करणार काय. जास्त पावडर टाकूनही तेच होतं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅमच्या पुढे बहुतेक सेटअपमध्ये फायदा थांबतो.

एवढं सगळं ठीक असेल तर यूव्ही मीटर मिळवा, नाहीतर फेरिऑक्झॅलेट ॲक्टिनोमेट्री (फोटॉन मोजायची रासायनिक पद्धत) करा. हॅचर्ड आणि पार्कर यांनी १९५६ मध्ये ती नीट बसवून दिलीय आणि अजून तीच वापरतात. ३६५ च्या आसपास दर फोटॉनमागे साधारण १.२ फेरस आयन तयार होतात, फिनँथ्रोलीनने ५१० ला मोजायचे. लाल उजेडात काम करायचं, नाहीतर खोलीच्या लाइटवरच निम्मं उरकतं. महिन्यातून एकदा केलं आणि आकडा वहीत लिहिला की "काल ९० आज ५५" चा वाद दिव्यापुरता तरी मिटतो.

९. पावडर धुवायची कशी

थर बसलेली पावडर ताजी असतानाच पीएच १ च्या सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिकमध्ये हलवून धुवा, मग पाण्याने पीएच स्थिर होईपर्यंत. वाळवून आठवडाभर ठेवलेला थर सुटता सुटत नाही, क्रोमियम थ्री जुनं झालं की फार हट्टी असतं. तांबं किंवा चांदी बसली असेल तर पातळ नायट्रिक. भट्टीत भाजून "रिजनरेट" करायचा मोह आवरा, हवेत तापवल्यावर त्यातलं काही क्रोमियम परत सिक्स होऊ शकतं आणि काही टायटॅनियात शिरून पावडर पिवळट-तपकिरी होते, ती मग पहिल्यासारखी वागत नाही. दोनदा धुऊनही वेग परत आला नाही तर ती पावडर गेली असं धरा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एकूण क्रोमियमचा ताळा (पाण्यातलं सिक्स, पाण्यातलं थ्री, पावडरवरचं) बसत नसेल तर एएएस (ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन स्पेक्ट्रोस्कोपी) लागेल, ३५७.९ नॅनोमीटरची लाइन, आणि ते ज्याचं मशीन आहे त्यालाच करू द्या. पृष्ठभागावर नक्की काय बसलंय यासाठी एक्सपीएस (एक्स-रेने पृष्ठभाग तपासायची पद्धत), पण ऑपरेटरला आधीच सांगा की सॅम्पलवर क्रोमियम सिक्स असू शकतं, कारण एक्स-रेखाली ते हळूहळू थ्री होत जातं आणि तुम्हाला खोटी खुशखबर मिळते. क्रोमियमचा भाग सगळ्यात आधी आणि कमी वेळात स्कॅन करायला सांगा.

दिवा लागत नाही, चोक गुणगुणतोय, जळका वास येतोय, तर झाकण उघडू नका, इलेक्ट्रिशियन. दिवा फुटला तर आत पारा आहे, खोली रिकामी करा आणि सेफ्टीवाल्यांना फोन, झाडू मारायचा नाही. उघड्या यूव्हीकडे "एक सेकंद बघतो" म्हणणाऱ्याचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, यूव्ही गॉगल नसेल तर रनच करू नका.

क्रोमियम सिक्स कॅन्सरकारक आहे हे सिद्ध झालेलं आहे, आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात ते मोडतं, आणि पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. तुमचा १००० चा स्टॉक त्याच्या वीस हजार पट. सांडला, अंगावर उडाला, डायक्रोमेटची पूड नाकात गेली, तर स्वतः डोकं चालवू नका, लॅबच्या सेफ्टी ऑफिसरला आणि डॉक्टरला गाठा. रनचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये नाही, वेगळ्या कॅनमध्ये, लेबल लावून. कॉस्टिकने धुतलेलं पाणीही त्यातच, पण कॅनमध्ये आधीच ॲसिड, ऑरगॅनिक आणि काय काय आहे ते बघून, एकदम ओतू नका.

आणि कुणी प्लेटिंगच्या कारखान्याचं खरं सांडपाणी कॅनमध्ये भरून आणलं आणि म्हणालं की तुमच्या दिव्याखाली साफ करून द्या, तर नाही म्हणा. त्यात सल्फेट, क्लोराइड, तेल, निकेल, आणि क्रोमियम लिटरला शेकडो मिलिग्रॅम. तो माल एफ्लुएंट ट्रीटमेंटच्या इंजिनिअरचा आहे, ते बायसल्फाइट किंवा फेरस सल्फेटने तासाभरात उरकतात.

मदत मागायची असेल तर खाली टाका, पण नुसतं "रिमूव्हल होत नाही" नको. क्रोमियम किती, पावडर कुठली आणि किती, ॲसिड कुठलं, दिवा कुठला, डायल्यूशन किती, आणि सुरुवातीचा व शेवटचा पीएच. शेवटचा पीएच नसेल तर मी आधी तोच विचारणार.